घरात चिप्स-बिस्किटं असली की हात जातोच, मग हे करून बघा

वजन कमी करायचंय ना, तर निम्मं काम दुकानातच होतं. पोट भरलेलं असताना सामान आणायला जा, उपाशी गेलात की पिशवीत काय काय येऊन पडतं कळतच नाही आणि एकदा घरात आलं की ते संपणारच. घरच्यांसाठी आणावंच लागत असेल तर छोटी पाकिटं घ्या, आतलं दिसणार नाही अशा डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवा, समोर ओट्यावर फळं ठेवा, धुतलेली, उचलली की खाता येतील अशी. १०० ग्रॅम चिप्समध्ये ५०० च्या वर कॅलरी असतात, त्यामुळे खायचेच तर मूठभर वाटीत काढा, पाकिटाला क्लिप लावून ते जागेवर ठेवा, मगच बसा, आणि टीव्हीसमोर तर नकोच. जेवण मात्र अजिबात चुकवू नका प्लीज, दुपारी प्रोटीन नीट पोटात गेलं नाही की संध्याकाळी गोड खावंसं वाटू शकतं. झोपेचंही तसंच, ती कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढू शकतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन हे हार्मोन घटू शकतं, म्हणून जागरण झालं की दुसऱ्या दिवशी जरा जास्तच सांभाळा.