दोन खोल्या, तीस पतंग आणि एक कूलर

घर सजवायचं तर सगळ्यात आधी कूलर मोजा. भिंती नंतर, खिडक्या नंतर, रंग तर फारच नंतर. घरात कूलर दिसून नाही राहिला म्हणता? जानेवारीत तो दिसतच नसतो. सज्ज्यावर जुन्या चादरीत गुंडाळून, पोटात मागच्या वर्षीच्या ताट्या, म्हणजे पाण्याने भिजणारे गवताचे थर, घेऊन बसलेला असतो. म्हणूनच तो मी विसरले.

नागपुरात मानेवाड्याकडे आमच्या दोन खोल्या आहेत, भाड्याच्या. हॉल दहा बाय बारा, आतली खोली त्याहून लहान, मागे स्वयंपाकघराची पट्टी. राहणारे चार: मी, नवरा, दुसरीतली मुलगी आणि सासूबाई. मागच्या वर्षी संक्रांत झाली आणि मला घर सजवायचा झटका आला. हॉलच्या एकुलत्या एका मोठ्या खिडकीत संत्र्याच्या पेट्यांची बैठक केली, वर गादी, बाजूला पुस्तकं, ग्रिलला सात कुंड्या. येणारा प्रत्येक जण आधी तिथेच जाऊन बसायचा. मी खूश. होळी झाली, दुपारी पंखा गरम हवा फेकायला लागला, आणि सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अन् कूलर कुठी ठेवतं वं, माह्या डोक्यावर?" पुढचे आठ दिवस सुतार मिळेना. नवव्या दिवशी बैठक मोडली तेव्हा मुलगी रडली. मीही, पण मोरीत जाऊन.

तर मोजपट्टी. कूलरची रुंदी, खोली, उंची, आणि तोंडाची चौकट वेगळी, कारण खिडकीत बसते ती चौकट. आमचा लोखंडी कूलर दोन फूट रुंद, दोन फूट खोल, तीन फूट उंच. खालचा स्टँड धरला तर माझ्या खांद्याला लागतो. मग ठरवा तो कुठल्या खिडकीत जाणार, आणि त्या खिडकीला खडूने फुली मारा. ती खिडकी तुमची नाही. मार्च ते जून ती कूलरची. तिच्यात बैठक नाही, पुस्तकं नाहीत, शोभेच्या बाटल्या नाहीत. बाहेरच्या अंगालाही काही टांगायचं नाही, कारण कूलर तीन बाजूंच्या ताट्यांमधून बाहेरची कोरडी हवा ओढतो. तिथे मनीप्लँटचं जंगल केलंत तर तो गुदमरतो आणि तुम्हीही. वजनाचं भान ठेवा. टाकीत साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो, वर लोखंड वेगळं. ते ग्रिलवर टाकायचं नसतं, जमिनीवरून उभ्या केलेल्या स्टँडवर टाकायचं. तुम्ही वरच्या मजल्यावर असाल तर भिंतीत पक्का लोखंडी कंस लागेल, आणि त्याआधी घरमालकाशी बोलणं लागेल. थ्री-पिनचा बोर्ड कुठे आहे ते बघा. पाइप कुठून येणार तेही बघा, नाहीतर मे महिन्यात दिवसातून दोनदा बादल्या घेऊन तुमच्या त्या नाजूक रांगोळीवाल्या पायदानावरून जावं लागेल.

आणखी एक खिडकीही तुमची नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, म्हणजे घरात सतत ओली हवा ढकलत असतो. ती बाहेर जायला समोरच्या बाजूला काहीतरी उघडं लागतं. नसेल तर तासाभरात खोलीत चिकचिक होते, चादरी ओलसर लागतात, आणि लोक म्हणतात कूलर खराब आहे. कूलर चांगलाच असतो, तुम्ही समोरच्या खिडकीवर फोटोंच्या फळ्या ठोकलेल्या असतात. आमच्या घरी ती आतल्या खोलीची खिडकी आहे, आणि तिच्यावर मी हौसेने अख्खी पुस्तकांची मांडणी उभी केली होती. म्हणून दोन फुल्या. एक कूलर येतो तिथे, एक हवा जाते तिथे. या दोन फुल्यांच्या मधला पट्टा हा वाऱ्याचा रस्ता, आणि त्या रस्त्यात कागद, पुठ्ठा, साधं प्लायवूड काहीही लावायचं नाही. फुगतं. डबल टेपने चिकटवलेलं तर एप्रिलमध्येच खाली येतं. मेलं रात्री दोनला येतं, धप्पकन, आणि सगळं घर उठतं.

हे नागपूर आहे, विसरू नका. 23 मे 2013 ला इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. मासिकातल्या गुलाबी घरांचे फोटो बघून आपण सजवायला निघतो, आणि त्या फोटोत कुठेही कूलर नसतो.

आवराआवर: करा. त्यावर मी काय सांगणार? फुटके डबे फेका, दिवाणाच्या पोटातल्या त्या तीन रजया ठेवा, डिसेंबरात लागतील.

रंग. नागपूरकराला भिंतीला संत्रा रंग द्यायचा मोह होतोच. एका अख्ख्या भिंतीला देऊ नका. दुपारी तीनला ती भिंत भट्टीसारखी अंगावर येते. देवळी असेल तर तिच्या आत द्या, किंवा भिंतीतल्या कपाटाच्या आतल्या बाजूला द्या. दार उघडलं की भक्कन संत्रं सोलल्यासारखं दिसतं, बंद केलं की गायब. मुलीला हा खेळ इतका आवडला की पहिला आठवडा कपाटाची दारं मोकळी झालीच नाहीत. छत मात्र पांढरंच ठेवा, लहान खोलीत तेवढीच उंची वाढल्यासारखी वाटते. भाड्याचं घर असेल तर आधी विचारा. आमचे मालक देवळी, कपाट आणि दारापुरते हो म्हणाले, त्याच्या पुढे नाही.

संत्र्याच्या लाकडी पेट्या. आता बरंचसं फळ प्लॅस्टिकच्या क्रेटमधून आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांतून जातं, पण शोधलं तर फळवाल्यांकडे लाकडी पेट्या मिळतात. कळमन्याच्या बाजारात ओळख असेल तर उत्तमच. आणल्या आणल्या घरात घेऊ नका. दोन दिवस गच्चीवर उन्हात टाका, उधळी (वाळवी) आहे का बघा, वर आलेले खिळे ठोका, मग घासून काढा, कारण या फळ्यांची कुसळं बोटात गेली की तीन दिवस निघत नाहीत. आडव्या रचल्या की चपलांचा घोडा, उभ्या रचल्या की पुस्तकं, एकटी उलटी ठेवली की मुलीचं अभ्यासाचं टेबल. खिडकीत नको. त्या खिडकीत नको म्हणतेय मी, फुलीवाल्या. दुसऱ्या कुठल्याही भिंतीला लावा, आणि चाकं लावून घ्या म्हणजे कूलर आला की सरकवता येतील.

छताला पतंग. ही माझी सगळ्यात लाडकी कल्पना आणि सगळ्यात जास्त फसलेली. संक्रांतीनंतर जुनी शुक्रवारीतल्या पतंगांच्या दुकानांतून उरलेले तीस पतंग घेतले, रंग बघून निवडले, छताला तिरके तिरके टांगले. दहा बाय बाराच्या खोलीत मान वर केली की आभाळ. पण पंख्याचं काय? पात्याच्या टोकापासून चांगला हातभर मोकळा ठेवा आणि पंखा पाचवर टाकून दहा मिनिटं खाली बसून बघा. एक पतंग पात्यात गेला तेव्हा घरातल्या घरात "ओ काट" झालं. बांधायला साधा दोरा घ्या, नायलॉन मांजा तर मुळीच नको, त्याला बंदी आहे आणि तो गळेही कापतो. आणि पुन्हा तेच: कूलरच्या झोतात पतंग टांगू नका. मी टांगले होते. बैठक मोडून कूलर बसवला त्या पहिल्या रात्री तीसच्या तीस पतंग फडफडायला लागले. नवरा म्हणाला, आपण गच्चीवर झोपलो का? सकाळपर्यंत कागद ओलसर होऊन लोंबायला लागले. यंदा अकराच ठेवलेत, सगळे झोताच्या बाहेर.

तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोरांच्या पोळ्याचे नंदी. मूल असेल त्या घरात दरवर्षी एक लाकडी बैल येतोच, आणि पोळा झाला की दिवाणाखाली जातो. काढा ते सगळे. दाराच्या वर एक अरुंद फळी ठोका आणि लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने उभे करा. पाहुणे आत येताना वर बघून हसतातच. फक्त त्यांना चाकं असतात हे लक्षात ठेवा. फळीच्या कडेला बोटभर उंच पट्टी मारा. आम्ही मारली नव्हती. दार जोरात लागलं आणि मधला नंदी दीराच्या टकलावर उतरला.

आरसा लहान घराला मोठं करतो हे सगळेच सांगतात. खिडकीसमोर लावा असंही सांगतात. पश्चिमेची खिडकी असेल तर लावू नका, संध्याकाळी पाचचं ऊन उलटं फिरून थेट डोळ्यांत येतं. बाजूच्या भिंतीला लावा. मी एक मोठा आरसा न आणता आजीच्या घरचे, लग्नात आलेले, तडा गेलेले असे नऊ छोटे आरसे एकत्र लावले. प्रत्येकात घराचा वेगळा तुकडा दिसतो. एकात फक्त सासूबाईंचा पानाचा डबा दिसतो.

भंडाऱ्याची पितळी भांडी कोणाच्या घरी नसतात? मोठं गंगाळ उलटं ठेवून वर गोल फळी टाकली की चहाचं टेबल. कूलर आहे त्या खोलीत पितळ लवकर काळवंडतं, महिन्यातून एकदा चिंच लावायची तयारी असेल तरच ठेवा. दाराच्या मागच्या बाजूला फळ्याचा काळा रंग दिला की मुलीला भिंत सोडून लिहायला जागा मिळते. दूधवाल्याचा हिशोबही तिथेच.

आता मुख्य. कूलर विसरायचा नाही एवढंच नाही, कूलरच सजवायचा. चार महिने हॉलची अख्खी खिडकी तो अडवणार, तर त्याला पडद्यामागे लपवण्यात काय अर्थ आहे? पडदा हवाही अडवतो. यंदा मी आमच्या कूलरची पिवळी मारबत केली, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारा बाईचा मोठा पुतळा. मोठे पांढरे डोळे, लाल ओठ, कपाळावर कुंकू, आणि हवा सोडणारी जाळी म्हणजे तिचं उघडं तोंड. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 1880 च्या दशकापासून नागपूर काळ्या-पिवळ्या मारबती मिरवत आलंय, "इडापिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत. मी म्हटलं, हिने निदान नवतपा, मे अखेरचे ते नऊ भट्टीचे दिवस, तरी घेऊन जावा. सासूबाई आधी बिचकल्या, घरात मारबत? मग स्वतःच कुंकवाचा ठिपका मोठा करायला बसल्या.

रंगवायचं कसं: ताट्यांचे तिन्ही पल्ले आधी काढून ठेवा, ताट्यांना रंगाचा थेंबही नको. गंज पॉलिश पेपरने घासा, रेड ऑक्साइडचं (गंज रोखणारं) अस्तर लावा, वाळू द्या, मग ऑइलपेंट. जाळीच्या पट्ट्या चिकटून बसणार नाहीत इतका पातळ हात द्या. हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीत गच्चीवर करा. मार्चमध्ये घाईने रंगवून लगेच लावलात तर रंगाचा वास रात्रभर नाकात. वायरिंग, पंप, मोटार यांना हात लावू नका. चिकटवलेली पत्र्याची नथ, तारेचे दागिने, असलं काही नको. लोखंड, पाणी आणि वीज एका जागी आहे. अर्थिंग इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या, आणि पाणी भरताना प्लग काढलेला हवा, मूल असो नसो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो, मारबतीच्या पोटात तर नकोच.

उरलेलं पटापट. दिव्यांच्या माळा पिवळ्या घ्या, निळ्या नको, घर दवाखाना दिसतं. जुन्या सुती साडीचे पडदे उत्तम, सिल्कचे नको. झाडं बाल्कनीत, हिरव्या नेटखाली, आणि पानांना कूलरचा झोत नको. जुनी छत्री उलटी टांगून तिच्यात दिवा सोडतात, सोडा, पण एलईडीच. स्वयंपाकघरात काहीही लटकवू नका, फोडणी उडते. बाथरूम राहू द्या.

खिळे ठोकायच्या आधी फुल्या पुन्हा बघा. दोन्ही. नवऱ्याला कूलर सज्ज्यावरून एकदा खाली काढायला लावा, खरोखरच फुलीपाशी उभा करा, त्याच्या भोवती एक चक्कर मारा, दार उघडतं का बघा. मग परत चढवायला लावा. तो कुरकुर करेल. पंप बादलीत बुडवून चालतो का तेही त्याच दिवशी बघून घ्या. ताट्या आत्ताच बदला. आणि स्टँडवाल्याला आजच फोन करा, होळीनंतर तो उचलत नाही.