बोरीची छाटणी वेळेत उरका: माण-खटाव, जत-आटपाडीसाठी उन्हाळी सल्ला

बोराला फळ धरते ते त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यात. म्हणून शेवटचा तोडा होऊन झाड पानगळीला लागले, की एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत छाटणी उरकावी. जूनवर ढकलली की फूट मागे पडते, फुलोरा लांबतो आणि फळ फुगायच्या वेळी मुरमाड रानातली ओल सरलेली असते. दुष्काळी पट्ट्यात बोर बारीक राहण्यामागे पाण्याबरोबर ही दिरंगाईही असते.

गेल्या हंगामातल्या फांद्या लांबीने निम्म्याहून जास्त कापाव्यात. वाळलेल्या, एकमेकींत घुसलेल्या आणि जमिनीला टेकणाऱ्या फांद्या बुडातून काढाव्यात. जाड फांदीला कोयता मारू नये, साल फाटते, करवत वापरावी. कापावर लगेच बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावावी: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. भांडे प्लॅस्टिकचे घ्यावे. कलमाच्या सांध्याखालची फूट दिसेल तेव्हा मोडावी, नाहीतर गावठी खुंट वरचढ होऊन कलम मरते. छाटलेला पाला शेळ्या-मेंढ्यांना चालतो, काटेरी फांद्या कुंपणाला लावाव्यात.

बांधावरची जोमदार गावठी बोर उपटू नका. ती याच दिवसांत जमिनीपासून दीड फुटावर कापून एकच सरळ फूट राखावी आणि पेन्सिलीएवढी जाड झाली की पावसाळ्याच्या सुरुवातीला तिच्यावर उमराण किंवा कडाका या जातीचा डोळा (फुटीची कळी) भरावा. मूळ आधीच खोल गेलेले असल्याने असे झाड लवकर फळावर येते.

फळमाशीचे कोष झाडाखालच्या मातीत असतात. छाटणीनंतर आळे कुदळून माती उन्हात तापू द्यावी. आंब्यातले मिथाइल युजेनॉलचे (नर माशीला ओढणाऱ्या वासाचे) सापळे बोराच्या माशीवर चालत नाहीत, त्यावर पैसे घालू नका. हंगामात पडलेली किडकी फळे रोज वेचून दोन फूट खोल पुरावीत. बांधाला टाकली तर माशी पुन्हा बागेत येते. पावसाळ्यानंतर फळ वाटाण्याएवढे असताना भुरी (पांढऱ्या भुकटीसारखी बुरशी) दिसली, तर पाण्यात मिसळणारे गंधक १० लिटरला २५ ग्रॅम फवारावे, तेही सकाळी किंवा संध्याकाळी. भर उन्हात पाने करपतात.

संक्रांतीनंतर भाव पडला की बारीक पण बिनकिडीची पिकली बोरे वाळवून बोरकुटासाठी ठेवावीत. आठळीजवळ दमट राहिलेले बोर डब्यात बुरसते, तेव्हा फोडून खात्री करूनच भरावे.