खापरपणजोबा सापडले ते असे

घरात एवढंच सांगत, "थोरले सामानगडावर होते, सत्तावनला लढले." म्हणून दोन वर्षं मी १८५७ च्याच मागे लागलो. ३१ जुलैला कोल्हापुरात २७ व्या पलटणीनं उठाव केला, त्याचे कागद धुंडाळले. नाव कुठंच नाही.

चूक सालात होती. गडकऱ्यांचं बंड १८४४ चं! इंग्रजांनी कोल्हापूर संस्थानावर नेमलेले कारभारी दाजी कृष्ण पंडित यांच्या काळात पिढीजात गडकरी, म्हणजे किल्ल्यांचे राखणदार, मामलेदाराच्या हाताखाली गेले, तेव्हा सामानगड, भुदरगड पेटले. ऑक्टोबरात इंग्रजांनी सामानगड घेतला. घरच्या आठवणीत दोन्ही बंडं एक झाली होती.

मग मोडी शिकलो आणि पुराभिलेखागारात पुन्हा बसलो. तिथं दोन गोष्टी कळल्या. आडनाव शोधू नका, 'अमका बिन तमका' शोधा. बिन म्हणजे मुलगा. आणि शुहूर सनात, म्हणजे जुन्या मराठी कागदांतल्या कालगणनेच्या वर्षात, ५९९ मिळवा, की इसवी सन मिळतं (वर्ष मृगात बदलतं, त्यामुळं जानेवारी ते मृगापर्यंत ६००). हे साल अरबी अंकशब्दांत लिहीत: 'खमस अर्बैन मयातैन व अलफ' म्हणजे पाच, चाळीस, दोनशे आणि हजार, १२४५, म्हणजेच १८४४-४५.

त्याच सनाच्या यादीत बाप-लेकाची जोडी मिळाली, गावासकट. आजीला वाचून दाखवलं. तिनं परत एकदा वाचायला लावलं.