श्रुतिका लिहायची? आधी दिवे घालवा

जळगाव आकाशवाणी हाकेच्या अंतरावर, तरी आमच्या भुसावळात जो तो रंगमंचासाठीच लिहितो. श्रुतिका, म्हणजे रेडिओवरचं नाटक, शिकायची तर ब्रिटिश लेखक रिचर्ड ह्यूजकडून शिका. १५ जानेवारी १९२४ रोजी बीबीसीने त्याची ‘डेंजर’ प्रसारित केली. खास रेडिओसाठी लिहिलेलं ते पहिलं नाटक मानतात. पठ्ठ्याने पात्रांना कोळशाच्या खाणीत नेलं आणि दिवेच घालवले! त्यांना दिसत नाही, आपल्यालाही नाही. फिटंफाट.

तुम्हीही जागा तशीच निवडा. केळीचा बाग, मध्यरात्र, लाइट गेलेली, मोटार बंद. आता ‘अरे, तू काठी घेऊन आलास?’ असलं वाक्य मुळीच नको. वाळकी पानं चुरचुरू द्या, काठी पाइपवर ठक्कन वाजू द्या. मग आजी अहिराणीत दरडावेल, ‘कोन शे रे?’ काम झालं. पानांच्या आवाजासाठी बागेत जायची गरज नाही. चार वाळकी पानं माइकजवळ चुरगाळा.

पात्रं तीन-चारच. एकाच वयाचे दोन भाऊ ऐकायला सारखेच वाटतात, एकाला सरळ आजोबा करून टाका. सुरुवातीला एकमेकांना नावाने हाक मारू द्या, पण दर वाक्याला नको. लग्नाच्या पंगतीतला आग्रह वाटतो तो.

लिहून झालं की घरच्या कुणाला तुमच्याकडे पाठ करून बसवा आणि घड्याळ लावून मोठ्याने वाचा. ‘हे कोण बोललं?’ असं विचारलं, तिथे पेन्सिलीने खूण करा.