पहिली-दुसरीच्या मुलांना आधी थांबायला शिकवावे

पहिली-दुसरीच्या खेळाच्या तासाची सुरुवात बहुधा धावण्यापासून होते. क्रम याच्या उलट असावा. सहा-सात वर्षांच्या मुलाला वेग घ्यायला शिकवावे लागत नाही. मात्र वेग आवरणे, वळणे, उडीनंतर नीट टेकणे आणि पडताना सावरणे ही कौशल्ये सरावाने पक्की करून घ्यावी लागतात. म्हणूनच सुरक्षिततेच्या सूचना हा तासापूर्वीचा वेगळा उपदेश न राहता प्रत्येक कौशल्याचा पहिला भाग व्हायला हवा.

प्रथम जागा पाहावी. पुण्याच्या पेठांमधील अनेक शाळांना मैदानाऐवजी फरसबंद अंगण असते आणि पावसाळ्यात शहाबादी फरशीवर धरलेले शेवाळ सहज नजरेत येत नाही. शिक्षकाने तासापूर्वी स्वतः एक फेरी मारून ओले कोपरे, उखडलेले पेव्हर ब्लॉक, काचा आणि वाऱ्याने पडलेल्या फांद्या पाहाव्यात. रेघा आखण्यासाठी चुना वापरू नये, कारण तो डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते. मातीवर रांगोळी आणि फरशीवर खडू पुरतो. शर्यतीची अंतिम रेघ भिंतीपाशी कधीही नसावी. तिच्यापुढे मोठ्या माणसाची सहा-सात पावले तरी मोकळी ठेवावीत. मार्चपासून उन्हाचा चटका वाढतो, तेव्हा खेळाचा तास सकाळच्या पहिल्या सत्रात घ्यावा आणि पाणी पिण्यासाठी मध्येच थांबावे, कारण तहान लागल्याचे या वयाची मुले खेळाच्या भरात सांगत नाहीत.

मुलांकडेही एकदा नजर फिरवावी. गळ्यातील ओळखपत्राची दोरी, खिशातील पेन्सिल, काचेच्या बांगड्या, लोंबती कानातली आणि तोंडातील गोळी हे सर्व बाजूला ठेवायला सांगावे. बुटांच्या नाड्या बांधलेल्या असाव्यात. गुळगुळीत फरशीवर नुसत्या मोज्यांनी पळू देऊ नये.

आता थांबणे. एक लांब शिट्टी म्हणजे जागच्या जागी थांबायचे, एवढा एकच संकेत वर्षभर पाळावा. लहान मूल थांबताना अंग ताठ ठेवते, त्यामुळे पाय थांबले तरी धड पुढे जाते आणि ते तोंडावर पडते. म्हणून पाय खांद्यांइतके फाकवावेत, गुडघे वाकवावेत, नजर समोर ठेवावी आणि दोन पावलांत थांबावे, हे प्रथम चालताना, मग भरभर चालताना आणि शेवटी धावताना करून घ्यावे. चालताना दोन पावलांत थांबणे बहुतेकांना जमेपर्यंत धावण्याकडे वळू नये, मग त्यासाठी दोन-तीन तास गेले तरी चालतील. ‘स्टॅच्यू’ हा मुलांच्या ओळखीचा खेळ या सरावाला उत्तम आहे.

यासोबतच जागेचे भान शिकवावे. प्रत्येकाने हात पसरून स्वतःभोवती फिरावे आणि कोणाला हात लागला तर दूर सरकावे. पहिल्या काही तासांत सर्वांनी एकाच दिशेने फिरावे, नंतर दिशा मोकळ्या कराव्यात. शिवाशिवीत ढकलणे वर्ज्य असून फक्त खांद्याला किंवा पाठीला तळहात लावायचा, हे खेळ थांबवून पुन्हापुन्हा सांगावे लागते. अंगण लहान आणि वर्ग चाळीस मुलांचा असेल, तर निम्म्या मुलांनी खेळावे आणि उरलेल्यांनी कोण नीट थांबते ते पाहावे. पाहणारी मुले आश्चर्यकारक बारकाईने शिकतात.

उडी शिकवताना ती किती लांब गेली यापेक्षा टेकताना किती आवाज झाला, याकडे मुलांचे लक्ष वेधावे. ‘आवाज न करता टेका’ एवढे सांगितले की मुले आपोआप पायांचे चवडे आधी टेकवतात आणि गुडघे वाकवतात. तळ्यात-मळ्यात आणि बेडूकउडी यांतून हा सराव होतो. उंचावरून उडी घ्यायची असल्यास ती उंची मुलाच्या गुडघ्यापेक्षा अधिक नसावी. पडण्याचा सराव फक्त गादीवर घ्यावा: उकिडवे बसून, हनुवटी छातीशी घेऊन, कुशीवर लोळायचे. ताठ हातावर पडल्याने मनगटाला व कोपराला दुखापत होते, म्हणून हा सराव टाळू नये.

लंगडी दोन्ही पायांनी आलटून पालटून घ्यावी, एरवी मुले सोयीचाच पाय वापरतात. झेलण्यासाठी जुन्या ओढणीचा मऊ चेंडू करावा. फुगे टाळावेत, कारण फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. उजव्या हाताने फेकताना डावा पाय पुढे, एवढे सध्या पुरे. ज्या पुण्यात १९१४ साली डेक्कन जिमखान्यावर खो-खोचे नियम ठरले, तेथे पालकांना पहिलीतच पूर्ण खो-खो हवासा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या वयात बसल्या जागेवरून झटकन उठणे आणि खांबाला वळसा घालणे एवढेच घ्यावे.

सारी काळजी घेऊनही मुले पडतातच. सुजेवर बाम चोळू नये. कापडात गुंडाळलेला बर्फ धरावा. नाकातून रक्त आल्यास मान मागे न टाकता पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे दाबून धरावा. सहा-सात वर्षांत पुढचे कायमचे दात येऊ लागतात. तो दात पडला तर मुळाला हात न लावता उचलून दुधात ठेवावा आणि तत्काळ दंतवैद्याकडे न्यावे, दुधाचा दात मात्र परत बसवू नये. डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नये. उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तसे काही दिसले नाही, तरी मार कधी व कुठे लागला आणि रात्री कोणत्या लक्षणांवर लक्ष ठेवायचे, हे लिहिलेली चिठ्ठी शाळा सुटताना पालकांच्या हाती द्यावी. ती मुलाच्या दप्तरात टाकून भागणार नाही.