लोगो शिकवताना कॉम्प्युटर शेवटी उघडा

ठाण्यात नौपाड्याला मी उपयोजित कलेच्या मुलांचा वर्ग घेतो. लोगोच्या पहिल्या तासाला कॉम्प्युटर बंद. स्टेट बँकेचा लोगो न बघता काढा, म्हणतो. निळं वर्तुळ, मध्ये छोटं भोक, खाली सरळ चीर, बहुतेकांना जमतं. शेखर कामत यांचं हे 1971 चं काम. मग नेहमीच्या कॅफेचा लोगो काढायला सांगा, लगेच मोबाइल चाचपतात.

विषय चालत जाता येईल असा द्या. आम्ही पिठाची गिरणी घेतो. घरबसल्या सगळे गव्हाची ओंबीच काढतात, एखादा हुशार जातं काढतो. चिडू नका, ओंबी एकदाची कागदावर उतरून जाऊ द्या. मग वही देऊन अर्धा तास गिरणीत उभं करा. गिरणीवाल्याला आधी विचारा आणि गर्दीची वेळ टाळा, नाहीतर पोरं गिऱ्हाइकांच्या पायात येतात. डोळ्यांना दिसतं तेवढंच टिपायचं. 'शुद्धता', 'परंपरा' असले शब्द बाद. एका मुलीने लिहून आणलं: डब्यांवरच्या चिठ्ठ्या, भुवयांवरचं पीठ, आणि पीठ पडतं त्या तोंडाला बांधलेली कापडी पिशवी, गिरणी सुरू झाली की फुगणारी.

परतल्यावर एका कागदावर वीस चौकोन, पोस्टाच्या तिकिटाएवढे. जाड स्केचपेन, खोडरबर नाही. पहिले सात-आठ ओंबीतच जातात, पुढे मुलं वैतागतात, आणि बघण्यासारखं काही येतं ते त्यानंतर. घाई करू नका. पिशवी टिपलेल्या त्या मुलीच्या कागदावर गिरणीच्या 'ग'चा सुटा काना खाली फुगत गेला आणि त्याची पिशवी झाली. अक्षरातून चिन्ह निघतं हे पटत नसेल तर रुपयाचं चिन्ह दाखवा: डी. उदय कुमार यांचं, 15 जुलै 2010 ला सरकारने स्वीकारलेलं. त्यात देवनागरी 'र' आहे आणि उभा दांडा काढलेला रोमन आरही.

मग कागद भिंतीवर. काढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, बाकीच्यांनी काय दिसतं ते सांगायचं. नुसतं 'छान आहे' म्हणणाऱ्याला मी खाली बसवतो. त्या फुगीर कान्यात एकाला चक्क पाण्याची बाटली दिसली! अशा वेळी खुलासा करू देऊ नका, चित्रच दुरुस्त करायला लावा. तिने बांधलेल्या दोरीच्या दोन आडव्या रेघा घातल्या, बाटली गेली.

यानंतर झेरॉक्सवाल्याकडून पंचवीस टक्क्यांवर छोटी प्रत काढून आणा आणि जमलं तर रबरी शिक्का करून घ्या. शिक्का फार निर्दयी परीक्षक असतो. शाई भरून त्या दोन रेघांची एक झाली. मग तिने एकच ठेवली, जरा जाड.

रंग आणि सॉफ्टवेअर याच्यानंतर, ते लवकर उरकतं. गुण देताना मी आधी वीस चौकोनांचा कागद मागतो, काट मारलेल्यांसकट. तो नसेल तर फाइल उघडत नाही.