खवलेपायी गोगलगाय छायाचित्रावरून कशी ओळखावी

हिंदी महासागराच्या तळाशी, साधारण 2400 ते 2900 मीटर खोलीवर, समुद्रतळातून उफाळणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ खवलेपायी (शास्त्रीय नाव क्रायसोमॅलन स्क्वामिफेरम) ही सागरी गोगलगाय राहते. ती 2001 मध्ये कैरेई या झऱ्यांच्या क्षेत्रात प्रथम सापडली आणि 2015 मध्ये तिचे रीतसर शास्त्रीय वर्णन झाले. मोहिमांची छायाचित्रे अभ्यासणाऱ्याने तिचा शंख नव्हे, तर पाय आधी पाहावा. मऊ पायाच्या बाजूंवर कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले कठीण खवले दिसले, तर ओळख जवळजवळ पक्की झाली, कारण आजच्या कोणत्याही दुसऱ्या गोगलगायीच्या पायावर असे चिलखत नाही.

रंगावर मात्र विसंबू नये. कैरेईतील प्राणी काळपट दिसतात, कारण त्यांच्या खवल्यांवर आणि शंखाच्या सर्वांत बाहेरच्या थरात लोहाची सल्फाइडे, म्हणजे लोह आणि गंधक यांची संयुगे, असतात. त्याखाली सेंद्रिय थर आणि सर्वांत आत चुनखडीचा थर असतो. सॉलिटेर या झऱ्यांच्या दुसऱ्या क्षेत्रातील प्राणी याच जातीचे असूनही फिकट असतात, कारण तेथील झऱ्यांच्या पाण्यात लोह फार कमी आहे. खवल्यांतून बाहेर पडणारे गंधक पाण्यातील लोहाशी संयोग पावते, तेव्हाच हा काळा लेप तयार होतो. फिकट प्राणी पाहून ती वेगळी जात ठरवणे ही चूक सहज होऊ शकते.

कैरेईतच आल्विनिकोन्का ही गोगलगाय असते. तिच्या शंखावर केसांसारखे राठ तंतू असतात, पण पाय उघडा असतो. लोंगची या झऱ्यांच्या आणखी एका क्षेत्रात जायगँटोपेल्टा ही गोगलगाय दाटीने राहते, तिच्याही पायावर खवले नसतात. आकार मोजताना चित्रातील, मोजमापासाठी कॅमेऱ्यासोबत पाडलेल्या लेझरच्या ठिपक्यांमधील ठरावीक अंतर आधार मानावे. मोठ्यात मोठा शंख साडेचार सेंटिमीटरच्या आसपास भरतो.

नोंदीत क्षेत्राचे नाव, अक्षांश-रेखांश, खोली आणि तारीख अवश्य लिहावी. जिथे हे झरे आहेत तिथेच सल्फाइड खनिजे आहेत, आणि त्यांच्या संभाव्य उत्खननामुळेच 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ही जात धोक्यात असल्याचे नोंदवले. भारतानेही 2016 मध्ये याच महासागरातील 10,000 चौरस किलोमीटरवर अशा खनिजांच्या शोधाचा करार केला आहे, म्हणून गोव्यातील समुद्रसंशोधकांनाही या प्राण्याची अचूक नोंद महत्त्वाची वाटावी.

संग्रहालयातील नमुना हाताळण्याची संधी मिळाल्यास तो अल्कोहोलबाहेर ठेवू नये, कारण हवेच्या संपर्काने त्यातील लोह सल्फाइड गंजू लागते.